तब्येत सुधारली

३ डिसेंबर
पुतणीचं केळवण. उंबरठ्यावरच मामेसासूबाई म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो आमच्या सूनबाईंची!" थायरॉइडची गोळी चालू आहे, हे सांगायला तोंड उघडलं, तर त्यात जिलबी आली. "एवढ्याने काय होतंय?" हेही त्यांचंच. आपल्याकडे तब्येत म्हणजे वजन, आजार वेगळा.

५ डिसेंबर
शाळेत मला टुणटुण म्हणत. आई स्वयंपाक करताना १९४७ च्या 'दर्द'मधलं एक गाणं गुणगुणायची. ते गाणारी उमादेवी म्हणजेच पुढची विनोदी नटी टुणटुण, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. गळा एवढा गोड, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते अंग.

तेच अंग तान्हेपणी 'बाळसं' होतं. बघायला येणारे गालाला हात लावून "गुटगुटीत आहे" म्हणत. मग ढब्बी. स्थळं बघताना आत्याने कागदावर 'बांधा : मध्यम' लिहिलं (खोटं नव्हे, सौम्य). बाळंतपणानंतर 'अंग सुटलं'. ह्यांचंही पोट सुटलंय, पण ते खात्यापित्या घरचे. आणि पुरुष मोठ्या पदावर चढला की चक्क 'वजनदार'. बाईला हा शब्द कौतुकाने लावलेला मी तरी ऐकला नाही.

८ डिसेंबर
भाच्याला शुगर निघाली. अंगाने काडी. सगळ्यांचा एकच प्रश्न, "ह्याला कशी?" मला पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वरून कोणाला दिसणार? ताईला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू जाड असून बरी, आणि हा बारीक असून आजारी?" मी बरी आहे असंही नाही. पण दारात उभं राहून नुसत्या नजरेने निदान करणाऱ्यांनी तेवढं थांबावं.

११ डिसेंबर
लग्नासाठी पैठणी काढली. ब्लाउज दंडात अडकला. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेला. ओशाळून काहीतरी बोलणार होते. त्याने ब्लाउज उलटा केला, शिवण चिमटीत धरली आणि म्हणाला, "ताई, दोन्हीकडं माया ठेवलेली आहे. उसवून देतो. गुरुवारी न्या."