तैलखडू

पेटी उघडली की आधी मेणाचा वास येतो. आत तो रांगेत पडलेला असतो: बोटाएवढा, जाड, कागदात गुंडाळलेला. टोक काढायला जावं तर नुसता चुरा होतो. बारीक रेघ त्याच्याकडे मागूच नये.

रंगद्रव्य, मेण आणि न वाळणारं तेल एवढंच त्याच्या अंगात असतं. सगळा स्वभाव आला तो या तेलातून. जलरंग वाळून मोकळा होतो, हा मात्र वर्षानुवर्षं मऊच राहतो. जपानच्या साकुरा कंपनीनं १९२५ साली तो बाजारात आणला, तेव्हा हवामान त्याला सोसत नसे. म्हणून सुरुवातीला उन्हाळ्याचा वेगळा आणि हिवाळ्याचा वेगळा खडू काढावा लागला. तो दोष पुढे दूर झाला, पण मूळ पिंड कुठे जाणार? निफाडचा पारा उतरतो त्या पहाटे तो कागदावर खरखरतो, आणि एप्रिलच्या दुपारी बोटांना चिकटतो. मधला फेब्रुवारी त्याला मानवतो. नाशकात तेव्हा द्राक्षांच्या घडांत पाणी उतरलेलं असतं.

द्राक्ष आणि हा खडू यांचं जमतं, कारण दोघांच्याही अंगावर मेण आहे. ताज्या मण्यावर पांढुरकी, धुरकट साय असते. बोट लागलं की ती पुसली जाते, म्हणून जाणता माणूस घड देठाला धरूनच उचलतो. जलरंगात ही साय आणताना पाण्याचा नेमका अंदाज लागतो. याला ती उपजतच येते. काळसर शरद सीडलेसचा मणी घ्या. काळ्या कांडीला हातही लावायचा नाही. आधी जांभळा, कडेला गर्द निळा, खाली सावलीत थोडा तपकिरी, असे दाबून थर द्यायचे. मग पांढरी कांडी आडवी धरून, जोर न देता, वरून एकदाच फिरवायची आणि करंगळीनं हलकंच चोळायचं. बोटाच्या उबेनं मेण सैल होतं, पांढरा जांभळ्यात अर्धवट मिसळतो, आणि मणी नुकता वेलीवरून उतरल्यासारखा दिसू लागतो. मला या माध्यमातलं सर्वांत मोठं सुख या एका क्षणात वाटतं.

हिरव्या थॉमसनला क्रम उलटा. आधी लिंबू-पिवळा, मग कडांना हिरवा, चमकेच्या ठिपक्यापुरता कागद कोराच ठेवायचा. गडदावरून फिरलेली फिकी कांडी मळते, आणि ती दर वेळी फडक्यानं पुसली नाही तर पुढचे सगळे मणी मळके होतात.

इतकं देणाऱ्या या खडूला आपण लहान मुलांचा ठरवून टाकलं, याचं मला वाईट वाटतं. १९४९ साली पॅरिसच्या सेनेलिए यांनी पिकासोसाठी तो खास बनवला, कारण कागद, लाकूड, पत्रा अशा कशावरही चालेल असा रंग त्याला हवा होता. आपल्याकडे तर तो घरचाच. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या पेटीतूनच पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती आला. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचं वय आलं, वस्तुचित्राचा सराव सुरू झाला, की पुष्कळ मुलं त्याला बाजूला सारून जलरंगांकडे वळतात. नेमकं याच वयात त्याचं शिकवणं उपयोगी पडतं. रेघ जमत नाही म्हणून तो मुलांना घडाकडे घड म्हणूनच बघायला लावतो. वीस गोल काढून ते रंगवत बसण्याऐवजी आधी उजेडाची बाजू, मग सावलीची, आणि त्यातून एकेक मणी पुढे येतो. देठ शेवटी. तो काढायचाही नाही, दाट थरातून नखानं किंवा ब्लेडच्या कोपऱ्यानं खरवडायचा. खालचा पिवळा आपोआप वर दिसतो.

चित्र झाल्यावरही त्याला सांभाळावं लागतं. वर बटर पेपर घातल्याशिवाय वही मिटू नये, नाहीतर घडाचा जांभळा समोरच्या पानावर उमटतो. भिंतीवर लावायचं तर काच चित्राला टेकू देऊ नये आणि पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी.