शेवटचे कडवे

आवडत्या गायकाच्या निवडक गाण्यांची कॅसेट किंवा सीडी आपण घेतो, तेव्हा तिच्याकडून आपल्याला नेमके काय हवे असते? कोणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? चांगली गाणी एका जागी मिळाली म्हणजे झाले. मलाही बरीच वर्षे असेच वाटत होते. माझे वडील चौथी शिकलेले गिरणी कामगार. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याकडून मिळाले आणि तेही एका बिघडलेल्या गाण्यामुळे. ती हकिकत वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

आमच्या घरात १९९० साली टेपरेकॉर्डर आला. डॉ. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष नुकतेच सुरू झाले होते. १९८२ च्या संपानंतर अण्णांची गिरणी कायमची सुटली होती आणि ते एका कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन होते. त्या पगारात हप्त्याने टेप घेतला म्हणून आई दोन दिवस कुरकुरली. पण पहिले भीमगीत लागले आणि शेजारच्या चार घरांतली माणसे आमच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सगळ्यांसाठी चहाचे आधण ठेवायला तीच उठली.

अण्णांचा आवडता गायक एकच, प्रल्हाद शिंदे. ते कधी आडनाव घेत नसत. 'आपला प्रल्हाद' असेच म्हणत, जणू पलीकडच्या चाळीत राहणारा भाऊबंद. १९३३ साली जन्मलेला, मंगळवेढ्याकडचा हा गायक. भीमगीत, बुद्धगीत, कव्वाली, लोकगीत, विठ्ठलाची आणि गणपतीची भक्तिगीते असे सारे त्याने त्या खणखणीत गळ्याने गायिले. पुढे मुलगे आनंद आणि मिलिंद यांनी, मग नातू आदर्श याने ते गाणे चालवले. अण्णा म्हणत, "याला माईक नसला तरी चालतं. शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचतो."

पगार झाला की महिन्याला एक कॅसेट यायची. पत्र्याच्या एका पेटीत अण्णांनी त्रेचाळीस कॅसेट जमवल्या होत्या. प्रत्येकीवर शाईने नंबर घातलेला. फीत बाहेर आली की भोकात पेन्सिल घालून ती गुंडाळून देण्याचे काम माझ्याकडे असे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत जो पाऊस झाला तो कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमची खोली कुर्ल्याला, तळमजल्याला. मिठी नदीचे पाणी छातीपर्यंत आले. आम्ही माणसे माळ्यावर चढून वाचलो, पण पेटी खालीच राहिली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी कॅसेट एकेक करून पुसल्या आणि दोरीवर कपडे वाळत घालतात तशा फिती वाळत घातल्या. एकही वाजली नाही. त्या वेळी ते काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला मी चैत्यभूमीला अभिवादन करून परतताना शिवाजी पार्कच्या बाजूच्या स्टॉलवर थांबलो. तिथे प्रल्हाद शिंदे यांच्या निवडक गाण्यांची एक एमपीथ्री सीडी दिसली. एका तबकडीत शंभरावर गाणी आणि किंमत अवघी चाळीस रुपये! मला वाटले, त्रेचाळीस कॅसेटची भरपाई झाली. सीडी कोणी काढली याचा वेष्टनावर पत्ता नव्हता, पण तेव्हा माझे तिकडे लक्ष गेले नाही.

घरी आल्यावर प्लेअरवर लावली. अण्णा खाटेवर बसून ऐकू लागले. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. त्यांचे ओठ हलत होते, गुडघ्यावर ताल चालला होता. तिसऱ्या कडव्यानंतर आवाज हळूहळू खाली गेला आणि भलतेच गाणे सुरू झाले. अण्णा मात्र थांबले नाहीत. नव्या गाण्याच्या ढोलकीवर त्यांनी आधीच्याच गाण्याचे राहिलेले कडवे आपल्या घोगऱ्या आवाजात पुरे केले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, कवीचं नाव राहिलं की!"

मी म्हणालो, "अण्णा, एवढी शंभर गाणी आहेत. एका कडव्यानं काय होतंय?"

ते म्हणाले, "लिहिणाऱ्याला बाकी काय मिळालं? नावच ना? तेवढंही कापलं."

आपल्याकडच्या गाण्यांची रीत माहीत असलेल्यांना त्यांचे म्हणणे लगेच कळेल. भीमगीताच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव गुंफतो. महाकवी वामनदादा कर्डक यांच्या गीतांत 'वामन' हे नाव असे येते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस, १९२२ सालचा जन्म. मोठेपणी अक्षरओळख झाली आणि मग हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायिली. ती अनेक गायकांच्या तोंडी गेली. सामान्य माणूस गाणे ओळखतो ते गायकाच्या आवाजावरून. पोथी नाही, पुस्तक नाही, कॅसेटच्या कागदावरची अक्षरे पुसून गेलेली. अशा वेळी हे गाणे कोणाचे, याचा एकच पुरावा उरतो आणि तो म्हणजे शेवटचे कडवे. तोच कापला की गाणे बेवारस होते.

हे कडवे का कापले जाते याचा मी पुढे विचार केला. जुन्या तव्याच्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटे मिळत. रात्रीच्या कार्यक्रमात शेर-शायरीसह पंधरा-वीस मिनिटे चालणारे गाणे तिथे पाच-सहा मिनिटांत बसवावे लागे. ती अडचण खरी होती. पण एमपीथ्री सीडीवर शंभरावर गाणी मावतात आणि पेनड्राइव्हवर तर हजारो. आता जागा भरपूर आहे. आज जे कापले जाते ते जागेअभावी नाही, बेपर्वाईने.

मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. कागद बघायची सवय. कायदा काढून पाहिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ प्रमाणे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कमालकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापावे लागते. कवीचे नाव छापावे, असे त्या कलमात नाही. आपण या कृतीचे कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क कलम ५७ ने लेखकाला दिला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटाही पक्का केला. पण ज्या कवीचे नावच कोणाला माहीत नाही, त्याचा वाटा कोण कोणाला पोचवणार? हक्क मागायलाही आधी नाव लागते.

आता दुसरी गोष्ट. बाजारातले प्रल्हाद शिंदे यांचे निवडक संग्रह पाहिले तर एकात सगळा विठ्ठल आणि गणपती, दुसऱ्यात सगळी भीमगीते. यामागे व्यवहार आहे. ज्याच्याकडे ज्या ध्वनिमुद्रणाचा हक्क, तोच ते गाणे संग्रहात घालतो आणि गिऱ्हाईक बघून माल भरतो. त्यामुळे एका घरात तो केवळ भक्तिगीतांचा गायक, तर दुसऱ्या घरात केवळ आपला. त्यांना आपली गाणी माहीत नाहीत आणि आपण त्यांची नावे घेत नाही.

आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर. त्यामुळे भक्तिगीते आमच्याकडे लागत नसत. एकदा तरुण कार्यकर्त्याच्या तावात मी अण्णांना म्हणालो की त्याने ती गायला नको होती. अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "आपल्या घरात ती लावायची नाहीत, हे बरोबर. पण त्यानं ती गायलीच नाहीत असं म्हणू नये. खोटा हिशेब लिहू नये." हिशेब लिहिणे हाच माझा धंदा असल्यामुळे ते वाक्य मला लागले, आणि ते मी विसरलो नाही.

अण्णा २०१३ साली गेले. त्यांनी सांगितलेले मी प्रत्यक्षात आणले ते बऱ्याच उशिरा, गेल्या वर्षी. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले आणि प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी. दोघांचे जाणे चाळीस दिवसांच्या आत. म्हणून आमच्या विहारात २३ जूनला दोघांच्या स्मृतीचा एकत्र कार्यक्रम ठरला आणि निवडक गाण्यांचा पेनड्राइव्ह तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी एक वही घातली आणि वस्तीत फिरून लोकांना विचारले, तुम्हाला काय ऐकायचे आहे?

तरुण मुले म्हणाली, मिरवणुकीत गाजलेली घ्या. ती घेतली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गाजलेली तर जयंतीला ऐकतोच रे. जे कुठं लागत नाही ते लाव." एका निवृत्त सफाई कामगाराने बजावले, "मूळ आवाजातलंच पाहिजे. मागाहून दुसऱ्यानं गायलेलं, कीबोर्ड घातलेलं नको." आई म्हणाली, गाणे सुरू व्हायच्या आधीचा शेर कापू नको. मी वहीत रकाने आखले: गाणे, गायक, कवी, संगीतकार, एकूण कडवी, आपल्याजवळ किती कडवी. कवीचा रकाना बऱ्याच ओळींत रिकामा राहिला, तो पाहून वाईट वाटले. मग घरोघरच्या पेट्या उघडल्या. माळ्यावरच्या, खाटेखालच्या. शेवटची कडवी असलेल्या जुन्या कॅसेट तिथून निघाल्या आणि काही रकाने भरले. प्रत्येक गाण्याआधी कवीचे नाव मोठ्याने वाचायचे, असे ठरले.

कार्यक्रमात वामनदादांचे एक गीत पहिल्या शब्दापासून अखेरपर्यंत लावले. मुले चुळबुळ करीत होती, म्हातारी माणसे मात्र पुतळ्यासारखी बसलेली. शेवटचे कडवे आले आणि मागच्या रांगांतून आठ-दहा थरथरते आवाज गाण्यात मिसळले. आईचाही. गाणे संपल्यावर सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "काका, गाण्यात वामन म्हणाले तो कोण?"

मी त्याला बाजूला बसवून सगळे सांगितले. सांगताना मला अण्णा आठवत होते. कवीचे नाव मी सुरुवातीलाही वाचले होते, पण ते त्या मुलाच्या कानावरून गेले. गाण्यातून आले तेव्हा राहिले.

म्हणून बांधवांनो, निवडक गाण्यांकडून आपण एवढे तरी मागावे. गाणे पुरे असावे, आवाज मूळ असावा, कवी-संगीतकाराचे नाव असावे आणि गायक आपल्या सोयीने अर्धा केलेला नसावा. घरात जुन्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. फीत तुटली असली तरी जोडता येते. आणि घरात गाणी पाठ असलेली म्हातारी माणसे असतील तर आजच त्यांच्यापाशी बसा आणि शेवटचे कडवे लिहून घ्या. आमची पेटी वाहून गेली तेव्हा अण्णांच्या तोंडी सगळी गाणी होती. ती लिहून घ्यावीत, हे मला तेव्हा सुचले नाही.

जय भीम.