रिमचा गंज

आमच्या खोडाळ्यात जुन्या जीपला कुणी 'व्हिंटेज' म्हणत नाही. 'अजून चालते का?' एवढंच विचारतात. आमची चालते. १९४७ साली महिंद्राने विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही, आजोबांनी जुनीच विकत घेतलेली. इंजिन ठणठणीत, चाकांची मात्र चाळणी. रात्री हवा भरावी, तर सकाळी मागचं डावं चाक बसलेलं.

सेकंड इयरच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा डोक्यात थर्मोडायनॅमिक्स ताजं होतं. (केटी लागल्याचं नंतर कळलं.) अण्णांना म्हटलं, "थंडीनं दाब उतरतो, गॅस लॉ आहे."

अण्णा म्हणाले, "मग थंडी काय एकाच चाकाला वाजते?"

तरी मी हटलो नाही. सेकंडहँड ट्यूबलेस टायर आणायला लावले. पंक्चरवाले मामा रिम बघून म्हणाले, "बाळा, ह्या रिमला नाही जमायचं." मी त्यांनाच लेक्चर दिलं. अण्णांनी मुकाट्यानं पैसे काढले. पोरगा इंजिनिअरिंगला ना!

दोन दिवस हवा टिकली. मी कॉलर ताठ करून फिरलो.

तिसऱ्या दिवशी आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. पहाटे निघून कसाऱ्याहून लोकल पकडायची. विहीगावच्या अलीकडे एका वळणावर गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून बघतो तर टायर रिमवरून सुटलेला. स्टेपनी काढली, तिच्यातही हवा नाही. निघताना ती तपासायचं मला सुचलंच नव्हतं. आजी डोक्यावर पदर घेऊन रस्त्याकडेच्या दगडावर बसली. दोन तासांनी दुसरी गाडी मिळाली, तोवर वेळ टळली होती. पुढची तारीख महिन्यानंतरची. तो महिनाभर आजी तांदळातले खडे हातानं चाचपून काढत होती. मला एका शब्दानं बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मामांनी टॉमी घालून टायर उतरवला आणि रिम माझ्यापुढे धरली. "बोट फिरव." टायरची कड जिथे बसते तिथे गंजाचे पापुद्रे. हवा त्यांच्याखालून निसटत होती. ट्यूबलेसच्या रिमला टायरची कड अडवणारा उंचवटा असतो, आमच्या जुन्या रिमला तो नव्हताच. त्यामुळे दाब कमी झाल्यावर वळणात कड सुटली. आधी ट्यूबा का जायच्या? हाच गंज त्यांना आतून घासायचा. आम्ही दर वेळी ट्यूबला ठिगळ लावलं, रिमला कुणी हातच लावला नाही.

मग दोन दिवस मी मामांच्या हाताखाली. वायर ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचे दोन हात. वरचा रंग अजून राहिलाय. नवे टायर, नव्या ट्यूबा. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांत आधी आठवडा आणि मग वर्ष असतं, हेही मामांनीच शिकवलं. मी हौसेनं आणलेले टायर बारा वर्षांचे निघाले! शेवटी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकलं. एकही बुडबुडा नाही.

आता हॉस्टेलवर कुणाच्या सायकलची हवा सारखी जात असली, तर मी ट्यूबच्या आधी रिम बघतो. पोरं हसतात, हसू देत.

महिन्याने त्याच जीपमधून आजीला नेलं. निघण्याआधी स्टेपनी दोनदा तपासली. डोळ्याची पट्टी निघाल्यावर घरी येताना आजी जीपजवळ थबकली, चाकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, चाकं लाल कधी केलीस?"