सख्य आणि भय

‘देवाला भिऊन वाग’ असे आपल्याकडे म्हणतात, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात बहुधा शिक्षेचा धाक असतो. एखादे दैवत ‘कडक’ आहे असे सांगतात, त्यातही हाच अर्थ: नवस चुकला, सोवळे मोडले, तर गय नाही. या भीतीला कारण असते आणि म्हणून तिच्यावर उपायही असतो. परंतु जेथे कोप नाही, उलट प्रसादच आहे, तेथे माणूस का थरथरतो?

गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप स्वतः मागून घेतो. श्रीकृष्ण प्रसन्नतेने दिव्य दृष्टी देतात आणि मागितलेले मिळताच तो भेदरतो. पंधराव्या श्लोकापासून छंददेखील बदलतो. अनुष्टुभाची सवयीची चाल सुटून त्रिष्टुभाचा लांब श्वास सुरू होतो, तो पन्नासाव्या श्लोकापर्यंत टिकतो. 1917 साली रुडॉल्फ ओटो यांनी थरकाप उडवणाऱ्या आणि तरीही ओढून घेणाऱ्या दिव्य गूढाची मीमांसा केली. तिच्या संदर्भात त्यांना हा अध्याय आठवावा यात नवल नाही. पुढे ओपेनहायमर यांच्यामुळे तो 1945 च्या अणुचाचणीशी जोडला गेला आणि जगाचे लक्ष बत्तिसाव्या श्लोकातील संहारक काळावर खिळले. माझ्या मते अध्यायाचे मर्म तेथून नऊ श्लोक पुढे आहे.

तेथे अर्जुन क्षमा मागतो. कशाची? ‘कृष्ण’, ‘यादव’, ‘सखा’ अशी सलगीची हाक मारल्याची. खेळताना, पहुडलेला असताना, जेवताना केलेल्या थट्टेची. विक्राळ दाढांत चिरडले जाणारे वीर त्याने नुकतेच पाहिले आहेत, पण त्याच्या तोंडी येते ते जेवणाच्या पानावरचे विनोद! परक्या प्रचंडतेचे भय मावळू शकते. हा तर रोज शेजारी बसणारा होता.

थोरल्या बंधूंच्या निधनानंतर आमच्या घरी तेरा दिवस ज्ञानेश्वरीचे वाचन झाले. वाचणारा मीच होतो. या ओव्यांपाशी माझा आवाज थांबला. दादांशी आमचे काही बिनसलेले नव्हते, सलत राहावे असे कुणी बोललेही नव्हते. केवळ इतकेच, की ज्यांची आम्ही पाटावर बसून नक्कल करीत असू, ते आता आमच्या कोणत्याही हाकेच्या पलीकडे होते. अर्जुनाची क्षमायाचना पापाची कबुली नाही, हे मला त्या दिवशी उमगले. इतकी वर्षे मी तो अध्याय शिकवीत आलो होतो, ते रसचर्चेच्या अंगाने.

अर्थात रसचर्चाही येथे निष्फळ नाही. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ज्ञानदेव या अध्यायाच्या आरंभी सांगतात, की शांताच्या घरी अद्भुत पाहुणा आला आहे, आणि इतर रसांनाही पंगतीचा मान मिळाला आहे. भयानकाचे नाव ते तेथे निराळे घेत नाहीत. तो पंगतीत बसलेला आहे, एवढे पुरे. पुढे अर्जुन जुने रूप परत मागतो, तेव्हा त्यांचा श्रीकृष्ण त्याला चक्क रागे भरतो: अमृताचा समुद्र भेटला असता बुडण्याच्या भीतीने कोणी तो टाकून जातो काय? मूळ गीतेत हा फटकारा नाही. तेथे भगवंत नुसते धीर देतात.

जनाबाईबरोबर दळणारा आणि नामदेवाच्या हातचे जेवणारा विठ्ठल आमच्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्याच्या सलगीला आम्ही भक्तीचा सोपेपणा समजतो. समीक्षकांनीही या समजुतीला पुष्कळ खतपाणी घातले. ज्याच्याशी भांडायचे तो कोण आहे, हे तुकोबांना ठाऊक नव्हते असे मानायचे काय? ते ठाऊक असून भांडणे ही निराळी गोष्ट आहे.

अर्जुनाचे पुढे काय झाले, हे गीतेत शोधता येते. अठराव्या अध्यायापर्यंत ‘यादव’ आणि ‘सखा’ ही संबोधने त्याच्या तोंडी पुन्हा येत नाहीत. मात्र सतराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात, श्रद्धेविषयी प्रश्न विचारताना, तो ‘कृष्ण’ अशी हाक मारतो.