होडीत पाय टाकताना

अंधेरीहून मढला रस्त्याने जायचं तर मालाड, मार्वे असा वीसएक किलोमीटरचा वळसा. वेसाव्याच्या खाडीतून तरीने गेलं तर पाचेक मिनिटांत पलीकडे. आमच्या लहानपणी खरी परीक्षा असायची ती होडीत चढण्याची. भरती असली तर होडी काठाशी लागायची. ओहोटीला मात्र चपला हातात घेऊन चिखल तुडवायचा, मग नाळेला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर जायचं. खलाशी मनगट घट्ट धरायचा. अनोळखी माणसाचा तो खरबरीत, मिठाने राठ झालेला हात मी विसरलेलो नाही. कोळणी त्याच फळीवरून डोक्यावर टोपली घेऊन, कुणाचा हात न धरता चढायच्या.

तेव्हा सगळ्यांनाच तिथी ठाऊक असे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मढच्या पाहुण्यांना परत कधी निघायचं हे घड्याळ न बघता सांगता यायचं. तांडेलाने हाक दिली की चहा अर्धा टाकून माणसं धावत.

खाडीच्या या प्रवासात बदल आधी आला तो गोराईकडे. 1989मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि सहलीच्या गर्दीने लाँच भरू लागल्या. 2009मध्ये विपश्यना पॅगोडा खुला झाला. एस्सेल वर्ल्ड 2022मध्ये बंद पडलं, पण गोराईला जाणाऱ्यांची बोरिवलीच्या जेटीवरची रांग काही हटली नाही. आता मार्वे-मनोरीला रो-रो आहे, भाईंदर-वसईला 20 फेब्रुवारी 2024पासून. रॅम्प खाली येतो, मोटारी सरळ आत जातात. बंदरात जहाजांचा माल उतरवणाऱ्या सपाट होड्यांना वडीलधारे पडाव म्हणत. रो-रो त्याच घराण्यातली. फरक एवढाच, की आता मोटारीत बसून खाडी ओलांडणाऱ्याला पाण्याकडे मान वळवायचीही गरज पडत नाही.

वेसाव्याला अजून साधी फेरीबोट चालते. दुचाक्या चढतात, मासळीच्या टोपल्या चढतात, मढच्या बंगल्यांत शूटिंगला निघालेली मंडळी कपड्यांची बोचकी घेऊन चढतात. ऐन पावसाळ्यात ती बंद असते, आणि तेव्हा मढच्या आजाऱ्याला अंधेरीच्या इस्पितळात न्यायचं म्हणजे तोच लांबचा वळसा. म्हणून महापालिकेचा वेसावे-मढ पूल व्हायलाच हवा. आमच्या आठवणींसाठी कुणी अडकून पडू नये.

तरीही पूल झाल्यावर ही फेरीबोट मोडीत काढू नका, एवढं कळकळीचं मागणं आहे. पूल मोटारवाल्यांना सोयीचा. टोपली घेऊन पायी निघालेल्या बाईला पुलाच्या टोकापर्यंत चालत जाऊन रिक्षा शोधण्यापेक्षा धक्क्यावरून धक्क्यावर उतरणंच परवडतं, आणि बाजाराची वेळही तिला तरीनेच गाठता येते.