दहा सेकंदांची पट्टी

इसीजीच्या पट्टीवर सगळ्यात वर मशीन स्वतःच निकाल छापून देतं. ती ओळ मी अंगठ्याखाली झाकते आणि मग खालचं बघते. ही सवय एका ज्येष्ठ सिस्टरांनी लावली. "सर, लवकर या" हे कधी म्हणायचं ते कळलं पाहिजे, एवढीच त्यांची अपेक्षा.

कागद सेकंदाला 25 मिलिमीटर पळतो. दोन उंच टोकांमधले मोठे चौकोन मोजायचे, 300 ला त्या आकड्याने भागायचं, की मिनिटाचे ठोके मिळतात. हे पटकन जमतं. वेळ लागतो तो लीड लावायला. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या. त्यांची अदलाबदल झाली की पहिली लीड पालथी दिसते. तेव्हा आधी वायर बघायची, मग घाबरायचं. डिसेंबरात ऊसतोडीच्या कोप्यांवरून माणसं कुडकुडत येतात आणि पट्टीभर नुसती थरथर उमटते. आधी ब्लँकेट, मग इसीजी. बायकांसाठी पडदा ओढावाच लागतो. संकोचापायी छातीवरचे चेंडू जागेवरून वर सरकले, तर पुढे वाचणारा कितीही हुशार असला तरी फसतो.

आणि छातीत दुखतंय असं म्हणतो कोण? "पित्त झालंय, सिस्टर," म्हणतात. घाम मात्र दरदरून सुटलेला. पहिली पट्टी साफ येते, नातेवाईक चपला घालायला लागतात. ती पट्टी असते दहा सेकंदांची. त्याआधीचं आणि नंतरचं तिला काय ठाऊक? दुखणं चालू असेल तर मी पेशंटला बसवून ठेवते आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढते. दोन्ही शेजारी ठेवल्या की कधी दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये रेषा उचललेली दिसते. मग उजव्या छातीवरूनही एक काढायची, कारण हृदयाचा उजवा कप्पा झटक्यात सापडला असेल तर जिभेखालच्या सॉर्बिट्रेटने बीपी कोसळतं. अकोले तालुक्यातल्या आमच्या राजूरहून नगर शंभरावर किलोमीटर. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथे द्यायचं की तिथे, हे याच कागदावरून ठरतं.

हा कागद उष्णतेने उमटतो, म्हणून उन्हात काळवंडतो आणि फायलीत पुसट होतो. मी लगेच झेरॉक्स काढते. वर पेनाने वेळ लिहिते, आणि त्या वेळी दुखत होतं की थांबलं होतं, तेही.