पहिल्या वाढदिवसाला काय न्यायचं?

मागच्या महिन्यात वस्तीतल्या एका पोरीचा पहिला वाढदिवस झाला. बाप आमच्याच अभ्यासवर्गातला, त्यामुळे आम्हा पाचजणांना हक्काचं आमंत्रण. प्रत्येकी दोनशे काढले, हजार रुपये जमले, आणि काय न्यायचं यावर जो वाद सुरू झाला तो तीन संध्याकाळी पुरला.

आमची सवय ठरलेली आहे. लग्न असो, नवं घर असो की बारसं, आम्ही बाबासाहेबांची फ्रेम नेतो, नाहीतर संविधानाची प्रत. त्या घरात चार फ्रेमा आधीच आहेत आणि त्यातल्या दोन आम्हीच दिलेल्या. पाचवी कपाटावर पालथी पडणार हे आम्हाला माहीत होतं. तरी आमच्यातला एकजण हटून बसला, की कार्यकर्त्यांनी बाहुली नेली तर लोक काय म्हणतील? बघा, प्रश्न पोरीचा नव्हताच. फ्रेम देतानाचा फोटो चांगला येतो, हे खरं कारण. एक वर्षाचं लेकरू हातात येईल ते तोंडात घालतं. त्याला उद्देशिका दिली तर ते उद्देशिका चावणार.

खेळण्यांचं दुकानही पाहिलं. लहान मुलांच्या खेळण्यांवर 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पण रस्त्यावरच्या ढिगात ते शोधूनही सापडत नाही. मुलीसाठी म्हटलं की दुकानदार गुलाबी भातुकली पुढे करतो. एका वर्षाच्या पोरीला चूल! आम्ही एक रबरी चेंडू घेतला आणि बाहेर पडलो.

तेवढ्यात कळलं, की आजीने चांदीचे वाळे घेतलेत, तेही भिशीचे पैसे उचलून. आमच्यातला एकजण लगेच महाडवर घसरला. डिसेंबर 1927 च्या परिषदेत बाबासाहेबांनी बायांना जाडजूड दागिने टाकायला सांगितले होते, मग आपल्या घरात हे कसं? आजीला त्याने तोंडावर विचारलं. आजी म्हणाली, "पोरांनो, म्या दोन लेकरं वरीस व्हायच्या आत मातीत घातली. हिनं वरीस पार केलं म्हणून घेतलंय. देवाला न्हाय घेतलं."

आम्ही गप्प झालो. महाडला जे टाकायला सांगितलं ते अंगावरून जात ओळखू येणारं वळण होतं. चांदीशी बाबासाहेबांचं वैर नव्हतं. पुस्तक अर्धं वाचून म्हाताऱ्या माणसाला धडा शिकवायची ही आमची जुनी खोड आहे. आणि वर्ष पार होणं म्हणजे काय, हे आम्हाला तरी कळायला हवं होतं. बाबासाहेब-रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली, एकटे यशवंत जगले. त्यांच्या जयंत्या आम्ही दरवर्षी करतो.

शेवटी आमच्यातल्या एकीने विचारलं, "पोरीच्या आईला कुणी विचारलं का?" कुणीच नव्हतं विचारलं. ती गेली तेव्हा आई भाकरी थापत होती. म्हणाली, "ताई, काही नको. हे तेवढं बघा." आणि डब्यातून जन्माचा दाखला काढला. त्यावर बाळाच्या नावाची जागा रिकामी. जन्माची नोंद दवाखान्यातून झाली, नाव दीड महिन्याने विहारात ठेवलं, कागदावर ते चढलंच नाही. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव फुकट लागतं, नंतर विलंब शुल्क पडतं. अकरा दिवस उरले होते. आई दोनदा जाऊन आली होती. दवाखान्याने तिचं माहेरचं नाव लिहिलेलं, आधारवर सासरचं. खिडकीतून दोन्ही वेळा परत पाठवलं. दोन दिवसांची धुण्याभांड्याची मजुरी गेली ती वेगळीच.

ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे, कायद्यातच तशी दुरुस्ती झाली आहे. हे आम्ही अभ्यासवर्गात वाचलं होतं. वाचून टाळ्या, टीका, चहा, सगळं झालं होतं. शेजारच्या घरातला कागद मात्र कुणी पाहिला नव्हता.

मग दोघे रांगेत उभे राहिले, एकाने प्रतिज्ञापत्र करून आणलं, आणि पाचव्या दिवशी नाव लागलं. त्याच दाखल्यावर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. पहिले 250 रुपये आमच्या वर्गणीतले. उरलेल्या पैशांत स्टीलची वाटी-चमचा आणि एक जाड प्लास्टिकची फाईल.

फाईलवरून कार्यक्रमात हसू झालं. कुणीतरी म्हणालं, "वाढदिवसाला फाईल देतात का रे?" बाप मात्र हसला नाही. त्याची डिप्लोमाची जागा एका कागदावाचून गेली आहे, आज तो कुरिअरची गाडी चालवतो. जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 आधीचा पुरावा हवा होता. पणजोबा शाळेत गेले नाहीत, नावावर जमीन नाही, आजोबा 1972 च्या दुष्काळात करमाळ्याकडून पुण्याला आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी. पुरावा आणणार कुठून? आजोबांनी आयुष्यभर स्वतःला बौद्ध लिहिलं. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीत घेतलं, पण दाखल्यासाठी मूळ जात दाखवावीच लागते. म्हणजे जी ओळख टाकली तिचाच जुना कागद शोधत फिरायचं. याचा राग येतो, आणि कागद तरीही शोधावाच लागतो.

एक वाट उरली आहे, कोतवाल बुकातली जन्माची नोंद. त्या काळातलं गावातलं जन्ममृत्यूचं रजिस्टर जातीसकट लिहिलेलं असतं आणि तहसीलच्या अभिलेखात त्याची नक्कल मिळते, पानं कुजली नसतील तर. बापाने अर्ज करायचं कधीच सोडून दिलं होतं.

केक कापून झाल्यावर पोरगी चेंडू टाकून त्या फाईलचं बटण उघडझाप करत बसली. पायात आजीचे वाळे वाजत होते. फाईलमध्ये सध्या तीनच कागद आहेत: जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पोस्टाच्या पासबुकाची झेरॉक्स. कार्डावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस लागलेला आहे, दुसरा सोळाव्या महिन्यानंतर.

सोमवारी आमच्यातले दोघे बापाला घेऊन करमाळ्याला जातायत. एसटीचं भाडं वर्गणीतून.

जयभीम!